अलाबामाचे नवे आक्रमण: डीबोर यांच्या पद्धतीत मिलरो कितपत रुळेल?

टस्कलूसाकर | ५ ऑगस्ट २०२४

अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉल संघाचा हंगामपूर्व सराव गेल्या आठवड्यात सुरू झाला. २००७ पासून सलग १७ हंगाम हा संघ प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली खेळला. त्यांनी १० जानेवारीला निवृत्ती जाहीर केली आणि दोनच दिवसांत वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक केलन डीबोर यांची नेमणूक झाली. बचावफळीसाठी स्वतंत्र धागा काढता येईल. येथे फक्त आक्रमणाबद्दल बोलावे, अशी विनंती आहे.

डीबोर यांच्या वॉशिंग्टनचे आक्रमण पॉकेटमध्ये (आपल्या लाइनमागच्या सुरक्षित जागेत) उभे राहून लांब आणि अचूक पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर (आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूवर) उभे होते. त्यांचा क्वार्टरबॅक मायकेल पेनिक्सने २०२३ मध्ये ४,९०३ यार्डांचे पास आणि ३६ टचडाऊन नोंदवले. आपल्याकडे आहे जेलन मिलरो. गेल्या हंगामात त्याचे २,८३४ यार्ड, २३ टचडाऊन आणि फक्त ६ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) होते. शिवाय धावून ५३१ यार्ड आणि १२ टचडाऊन. हे आकडे चांगलेच आहेत, पण त्यांच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवावा लागतो: गेल्या हंगामात अलाबामाने ४९ सॅक दिले, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅक ४९ वेळा पाडला गेला. विजेतेपदाची भाषा करणाऱ्या संघाला ही संख्या शोभत नाही.

माझे मत असे आहे की मिलरोने पेनिक्स होण्याचा प्रयत्न करू नये आणि प्रशिक्षकांनीही तो आग्रह धरू नये. प्रश्न एवढाच की ज्या पद्धतीत चेंडू वेळेवर हातातून सुटणे हाच पाया आहे, त्या पद्धतीत चेंडू हातात धरून ठेवण्याची सवय असलेला, पण धावायला लागला की कोणाला न आवरणारा खेळाडू बसवायचा कसा. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

सिएटलची_सई | ५ ऑगस्ट २०२४

वॉशिंग्टनचे सामने मी डीबोर यांच्या दोन्ही हंगामांत नियमितपणे पाहिले आहेत, म्हणून लिहिते.

बाहेरून पाहणाऱ्यांना ते आक्रमण म्हणजे पेनिक्सचा डावा हात आणि रिसीव्हर (पास झेलणारा) रोम ओडुन्झेची उडी एवढेच वाटते. खरी करामत स्नॅपच्या (सेंटर चेंडू मागे क्वार्टरबॅकला देतो त्याच्या) आधी होत असे. संघ एका रचनेत उभा राहायचा, मग टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहणारा खेळाडू) एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचा, त्यानंतर एखादा रिसीव्हर आडवा धावत यायचा. त्याच्यामागे बचावपटूही धावला, तर समोरचा संघ माणसामागे माणूस लावून खेळतो आहे हे क्वार्टरबॅकला कळायचे; बचावपटू जागचा हलला नाही, तर ते क्षेत्र राखून खेळत आहेत हे कळायचे. चेंडू हातात येण्याआधीच निम्मे उत्तर सापडलेले असायचे, त्यामुळे पेनिक्सला शोधाशोध करावी लागत नसे. वॉशिंग्टनच्या ऑफेन्सिव्ह लाइनला (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या फळीला) २०२३ मध्ये सर्वोत्तम लाइनचा 'जो मूर' पुरस्कार मिळाला आणि तो रास्तच होता, पण त्या लाइनचे काम सोपे करण्यात या आधीच मिळालेल्या उत्तरांचा मोठा वाटा होता.

म्हणूनच ४९ सॅकचा आकडा पाहून मी घाबरत नाही. त्यांतले बरेच सॅक लाइन ढासळल्यामुळे झाले नव्हते. मिलरो दुसऱ्या आणि तिसऱ्या रिसीव्हरपर्यंत पोहोचण्यात वेळ घालवत होता, म्हणून झाले. त्यावर नेमका इलाज असलेला प्रशिक्षक तुमच्याकडे आला आहे.

अण्णा_ह्यूस्टन | ५ ऑगस्ट २०२४

सईताई, तुमचे वर्णन सुरेख आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही.

पेनिक्सने २०१९ मध्ये इंडियानात डीबोर यांच्याच हाताखाली खेळायला सुरुवात केली होती. सिएटलला येण्याआधी त्याला ती पद्धत ठाऊक होती. समोर ओडुन्झे, जलिन पोक आणि जेलन मॅकमिलन असे तीन रिसीव्हर होते आणि तिघांचीही यंदा एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये निवड झाली. पेनिक्स स्वतः आठव्या क्रमांकावर गेला, ओडुन्झे नवव्या. असे खेळाडू हाताशी असतील तर बऱ्याच प्रशिक्षकांची पद्धत उत्तम दिसेल. मिलरोला ही भाषा जानेवारीपासून शिकायची आहे. ज्याने आतापर्यंत पहिला रिसीव्हर मोकळा नसेल तर पायांवर भिस्त ठेवली, त्याला एका उन्हाळ्यात स्नॅपपूर्वीचे वाचन पक्के करता येईल, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट. डीबोर यांनी यापूर्वी एसईसीमध्ये (अलाबामा ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते त्यात) कधीच काम केलेले नाही. टेनेसी किंवा एलएसयूच्या (लुइझियाना स्टेटच्या) मैदानावर, त्या गोंगाटात, एवढ्या हालचाली करत स्नॅप वेळेवर घेणे हे वेगळेच प्रकरण आहे.

सिएटलची_सई | ५ ऑगस्ट २०२४

अण्णा, तुमच्या पहिल्या मुद्द्याला एकच उत्तर देते. २०२१ मध्ये वॉशिंग्टन ४-८ (चार विजय, आठ पराभव) होते. ओडुन्झे, पोक आणि मॅकमिलन हे तिघेही त्या संघात होते. पुढच्या वर्षी डीबोर आले, पेनिक्स आला आणि संघ ११-२ झाला. पासिंगमध्ये सामन्यामागे सुमारे ३७० यार्डांची सरासरी घेऊन तो देशात पहिला आला. रिसीव्हर तेच होते, त्यांना वापरणारी माणसे बदलली.

नवखा_प्रेक्षक | ६ ऑगस्ट २०२४

धागा वाचून बरेच शिकायला मिळते आहे. एक प्राथमिक प्रश्न विचारतो: क्वार्टरबॅकचा सॅक झाला तर मागे गेलेले यार्ड कोणाच्या खात्यातून वजा होतात?

मैदानवेडी | ६ ऑगस्ट २०२४

@नवखा_प्रेक्षक, प्रश्न प्राथमिक नाही, या चर्चेत तो महत्त्वाचा आहे. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सॅकमुळे गेलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्याच्या यार्डांतून वजा होतात. एनएफएलमध्ये ते संघाच्या पासिंगमधून जातात. म्हणजे मिलरोचे ५३१ यार्ड ही सगळी वजाबाकी झाल्यानंतर उरलेली शिल्लक आहे. तो प्रत्यक्षात धावला त्याहून कितीतरी जास्त. एलएसयूविरुद्ध गेल्या वर्षी त्याने १५५ यार्ड आणि धावून चार टचडाऊन केले, तो सामना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगण्याची गरज नाही.

आता लाइनबद्दल लिहिते, कारण माझ्या मते हा सगळा धागा शेवटी तेथेच येऊन थांबणार आहे.

गेल्या हंगामाच्या शेवटी रोझ बोल सामन्यात मिशिगनने मिलरोला सहा वेळा पाडले, त्यांतले पाच पहिल्या अर्ध्यातच. त्या सामन्यात स्नॅपची जी दैना झाली ती आठवली की अजूनही त्रास होतो. चेंडू कधी पायाशी, कधी बाजूला. क्वार्टरबॅकची नजर समोरच्या बचावफळीवर असायला हवी तेव्हा ती चेंडू शोधण्यात गुंतली होती. जादा वेळेतला शेवटचा डाव आठवा: चौथा डाऊन (शेवटचा प्रयत्न), गोल तीन यार्डांवर, सामना २७-२०. मिलरोला सरळ मध्यातून धावायचे होते, स्नॅप खाली आला, त्याने तो कसाबसा उचलला आणि समोर भिंत उभी होती. हंगाम तेथेच संपला.

त्या सामन्यातला सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिन आता ओहायो स्टेटला गेला आहे आणि त्याच्या जागी पार्कर ब्रेल्सफर्ड आला आहे, जो डीबोर यांच्याच वॉशिंग्टनचा सेंटर होता. या हिवाळ्यातला सर्वांत मोलाचा बदल मी हाच मानते. हा मुलगा वजनाने हलका आहे, एसईसीच्या बचावफळ्यांतले अजस्त्र खेळाडू त्याला मागे रेटू शकतील, पण रचना ओळखून लाइनला सूचना देण्याचे काम तो या पद्धतीत आधीच करून आला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना टायलर बुकर आणि जेडन रॉबर्ट्स असे दोन भक्कम गार्ड आहेत. मधल्या तिघांची मला चिंता नाही.

चिंता आहे ती लाइनच्या दोन टोकांच्या टॅकलची. जेसी लेथम सातव्या क्रमांकावर टेनेसी टायटन्सकडे गेला. डाव्या बाजूचा केडिन प्रॉक्टर जानेवारीत आयोवाला गेला आणि काही आठवड्यांतच परत आला. तो येतो आहे याचा आनंद आहेच, पण वसंतातला सराव त्याने या प्रशिक्षकांबरोबर केलेला नाही. उजवीकडे इलायजा प्रिचेट असेल असे दिसते. लाइनचे नवे प्रशिक्षक ख्रिस कपिलोविच यांच्यापुढे हीच खरी परीक्षा आहे.

टस्कलूसाकर | ६ ऑगस्ट २०२४

मैदानवेडी, इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ब्रेल्सफर्डबद्दल पूर्ण सहमत. नव्या पद्धतीत क्वार्टरबॅक नवा असेल तर निदान सेंटर तरी जुना हवा, आणि तो मिळाला आहे.

ब्लूमिंग्टनकर | ७ ऑगस्ट २०२४

सगळे डीबोर यांच्याबद्दल लिहीत आहेत, परंतु आक्रमणाचे समन्वयक निक शेरीडन आहेत, याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. मूळ योजना वेगळी होती. डीबोर यांचे अनेक वर्षांचे सहकारी रायन ग्रब टस्कलूसाला येणार होते. फेब्रुवारीत ते सिएटल सीहॉक्सकडे गेले आणि जबाबदारी शेरीडन यांच्यावर आली. वॉशिंग्टनमध्ये ते टाइट एंडचे प्रशिक्षक होते. आता क्वार्टरबॅकही तेच घडवणार आहेत.

मी इंडियानाचा माजी विद्यार्थी आहे, म्हणून शेरीडन यांची तेथली कारकीर्द मला जवळून माहीत आहे. डीबोर २०१९ च्या हंगामानंतर फ्रेस्नो स्टेटला गेले आणि त्यांच्या जागी शेरीडन समन्वयक झाले. २०२० मध्ये आमचा संघ ६-२ होता. ओहायो स्टेटविरुद्ध आम्ही ४२-३५ असे हरलो, पण पेनिक्सने त्या दिवशी ४९१ यार्ड आणि पाच टचडाऊन टाकले आणि एवढा मोठा प्रतिस्पर्धी शेवटपर्यंत धास्तावलेला होता. पुढच्याच वर्षी संघ २-१० झाला, बिग टेन या आमच्या गटात एकही विजय नाही, आणि शेरीडन यांना जावे लागले.

न्यायाने बोलायचे तर त्या वर्षी पेनिक्स जखमी झाला, त्याच्यानंतर आलेला जॅक टटलही जखमी झाला आणि अखेरीस एका नवख्या मुलावर सामने सोपवावे लागले. तरीही आक्रमणाला दुसरा मार्ग सापडला नाही, ही वस्तुस्थिती उरते. एकच क्वार्टरबॅक धरून आखलेली योजना कोसळल्यावर समन्वयक काय करतो, हे तेव्हा दिसले आणि जे दिसले ते समाधानकारक नव्हते. मिलरोच्या बाबतीत माझी काळजी तीच आहे.

उलट बाजूही सांगतो. २०१९ मध्ये डीबोर आमचे समन्वयक असताना पेनिक्स जखमी झाल्यावर पेटन रॅम्झी खेळला. त्याचा हात पेनिक्सइतका बळकट नव्हता, पण पाय चपळ होते. डीबोर यांनी लगेच पास आखूड केले, त्याला पॉकेटमधून बाहेर काढले आणि आम्ही आठ सामने जिंकलो, जे १९९३ नंतर प्रथमच घडले. म्हणून "डीबोर यांना फक्त पॉकेटमधला क्वार्टरबॅक चालतो" हा समज मला मान्य नाही.

अण्णा_ह्यूस्टन | ७ ऑगस्ट २०२४

रॅम्झीचा दाखला चांगला आहे आणि तो विचार करायला लावतो. पण रॅम्झी आखूड पास अचूक टाकत असे. तो त्याचा हुकमी खेळ होता. मिलरोचे नेमके उलटे आहे. तो ४० यार्डांचा पास डोळे मिटून टाकेल, पण तिसऱ्या डाऊनला सहा यार्ड हवे असताना मध्यातून जाणारा साधा पास त्याला अवघड जातो. रॅम्झीसाठी जो रस्ता खुला होता, तो येथे खुला आहे का?

कोथरूडकर_अटलांटा | ८ ऑगस्ट २०२४

मी जॉर्जियाचा पाठीराखा आहे, तरीही या धाग्यावर प्रामाणिकपणे लिहितो, कारण २८ सप्टेंबरला आम्हाला टस्कलूसाला यायचे आहे आणि गेल्या डिसेंबरमधला एसईसी अंतिम सामना आम्ही २७-२४ असा गमावला, हे आम्ही विसरलेलो नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या नजरेतून सांगायचे तर अण्णांचा मुद्दा रास्त आहे. मिलरोविरुद्ध योजना आखताना बचावफळीने अंगावर धावून जाण्यापेक्षा कडा राखून त्याला आत कोंडावे आणि मध्यातला पास टाकायला भाग पाडावे, असे बहुतेक संघांचे धोरण होते. ऑबर्नने त्याचाच अतिरेक केला. चौथा डाऊन आणि गोल ३१ यार्डांवर असताना त्यांनी जेमतेम दोन जण पुढे पाठवले, मिलरोला हवा तेवढा वेळ मिळाला आणि त्याने कोपऱ्यात आयझाया बाँडला जो पास दिला, त्याने २७-२४ असा सामना फिरवला. वेळ मिळाल्यावर तो काय करू शकतो, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

मला अधिक उद्बोधक वाटते ती मिशिगनची बचावफळी. आठवडाभराच्या अंतराने तिने या धाग्यातली दोन्ही आक्रमणे थोपवली. १ जानेवारीला मिलरोपर्यंत पोहोचून तिने अलाबामाला रोखले. ८ जानेवारीला डीबोर यांच्याच वॉशिंग्टनविरुद्ध तिने खोलवरचे पास झाकून टाकले. पेनिक्सचे ५१ पैकी २७ पास पूर्ण झाले, दोन इंटरसेप्शन गेले आणि सामना ३४-१३ असा संपला. त्या रात्री वॉशिंग्टनला एक गोष्ट हवी होती आणि ती त्यांच्याकडे नव्हती: सगळे रिसीव्हर झाकलेले असताना स्वतः धावून १५ यार्ड मिळवणारा क्वार्टरबॅक. डीबोर यांच्या पद्धतीत मिलरो बसेल का, असे सगळे विचारत आहेत. त्यांच्या पद्धतीत जी उणीव होती, ती मिलरो भरून काढेल का, असेही विचारायला हवे.

सिएटलची_सई | ८ ऑगस्ट २०२४

+१. ह्यूस्टनमधला तो सामना पाहताना माझ्या मनात हाच विचार आला होता. जखमी रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) डिलन जॉन्सनमुळे त्या दिवशी धावण्याचा आधारही राहिला नव्हता. हंगामभर त्याने १,१९५ यार्ड काढले होते, हे लोक विसरतात आणि डीबोर फक्त पास टाकतात असे समजतात.

शार्दूल_चाकण | १० ऑगस्ट २०२४

मी काही काळ कामानिमित्त टस्कलूसाजवळच्या व्हान्स येथील मर्सिडीजच्या कारखान्यात होतो आणि तेथे असताना या संघाचा लळा लागला. आता चाकणला परतलो तरी तो सुटलेला नाही. मला रिसीव्हरांबद्दल लिहायचे आहे.

गेल्या वर्षीचे पहिले दोघे, जर्मेन बर्टन आणि आयझाया बाँड, आता नाहीत. बर्टन एनएफएलला गेला, बाँड टेक्सासला. टाइट एंड अमारी निब्लॅकही टेक्सासलाच गेला. म्हणजे मिलरोला नवी पद्धत आणि नवे सहकारी हे दोन्ही एकदम सांभाळायचे आहे. वॉशिंग्टनहून जर्मी बर्नार्ड आला आहे. त्याला पद्धत माहीत आहे, तो चेंडू सोडत नाही आणि आखूड पासांसाठी तोच विश्वासाचा माणूस ठरेल, असे मला वाटते. अण्णांनी विचारलेल्या "सहा यार्डां"चे उत्तर कदाचित त्याच्याकडे आणि वॉशिंग्टनहूनच आलेल्या जॉश क्युएव्हास या टाइट एंडकडे असेल.

पण ज्याच्याबद्दल सगळे बोलत आहेत तो रायन विल्यम्स. मोबीलजवळच्या सॅरालँडचा हा मुलगा फक्त १७ वर्षांचा आहे. आपल्याकडे या वयात मुले बारावीच्या परीक्षेची तयारी करत असतात. त्याने शाळेचे एक वर्ष वाचवून लवकर प्रवेश घेतला, सेबन निवृत्त झाल्यावर दिलेला शब्द मागे घेतला आणि डीबोर यांच्याशी बोलल्यावर पुन्हा अलाबामाच निवडले. राज्यातल्या सर्वोत्तम शालेय खेळाडूचा 'मिस्टर फुटबॉल' किताब दोनदा मिळवणारा तो पहिलाच. चेंडू हवेत असताना त्याचा वेग कमी होत नाही, ही त्याची खरी विशेषता आहे. मिलरोच्या लांब पासला असा माणूस समोर हवाच होता.

मैदानवेडी | १० ऑगस्ट २०२४

विल्यम्सबद्दल उत्साह मलाही आहे, पण १७ वर्षांच्या मुलावर पहिल्याच महिन्यात फार भार टाकू नये. कोबी प्रेंटिस आणि केंड्रिक लॉ यांनी एसईसीचे सामने खेळले आहेत. रनिंग बॅकमध्ये जस्टिस हेन्स आणि जॅम मिलर दोघेही तयार आहेत, आणि त्यांचे प्रशिक्षक रॉबर्ट गिलेस्पी यांना डीबोर यांनी कायम ठेवले, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला. पहिले काही सामने धावण्यावर भर द्यावा, प्ले-ॲक्शन (धावण्याचा आव आणून टाकलेले पास) उभे करावे आणि मग खोलवर जावे.

अण्णा_ह्यूस्टन | ११ ऑगस्ट २०२४

थोडे अवांतर वाटेल, पण विषयाशी संबंध आहे. अलाबामात एका महान प्रशिक्षकानंतर दुसरा आला आणि त्याने आक्रमण बदलले, असे पूर्वीही घडले आहे. बेअर ब्रायंट १९८२ च्या हंगामानंतर निवृत्त झाले आणि रे पर्किन्स आले. त्यांनी आल्याआल्या ब्रायंट यांचे धावण्यावर आधारलेले विशबोन आक्रमण मोडीत काढले आणि व्यावसायिक संघांसारखी पासिंगची पद्धत आणली. ज्या मनोऱ्यावर उभे राहून ब्रायंट सराव पाहत, तो मनोराही त्यांनी हलवला. १९८४ मध्ये संघ ५-६ झाला. १९५७ नंतर अलाबामाचा पहिलाच पराभूत हंगाम. १९८६ मध्ये १०-३ करून ते निघून गेले, आणि ३२-१५-१ ही काही वाईट कामगिरी नव्हती. पण विशबोनसाठी घडवलेल्या खेळाडूंकडून पहिल्या दिवसापासून दुसराच खेळ करून घेण्याची किंमत संघाने मोजली. मला भीती वाटते ती त्या घाईची. डीबोर यांच्या योग्यतेविषयी माझ्या मनात शंका नाही. सू फॉल्स विद्यापीठात ६७-३ आणि तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणाऱ्या माणसाला फुटबॉल शिकवण्याची गरज नाही.

ब्लूमिंग्टनकर | ११ ऑगस्ट २०२४

अण्णा, पर्किन्स यांचा दाखला वाचून आनंद झाला. एक फरक मात्र नोंदवतो. पर्किन्स यांना खेळाडू बदलता येत नव्हते. आज ट्रान्स्फर पोर्टल (खेळाडूंना विद्यापीठ बदलण्याची सोय) आहे. ब्रेल्सफर्ड, बर्नार्ड, क्युएव्हास आणि राखीव क्वार्टरबॅक ऑस्टिन मॅक हे चौघेही वॉशिंग्टनहून आले. पद्धत जाणणारे खेळाडू आतच असल्यामुळे बाकीच्यांना शिकायला प्रशिक्षकाची वाट पाहावी लागत नाही.

यंदा नियमही मदतीला आले आहेत. आता मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येणार आहे आणि घड्याळात १५ सेकंद उरेपर्यंत तो चालू राहील. इतक्या हालचाली असलेल्या आक्रमणात हे वरदान ठरेल. आधी डाव सांगायचा, मग "सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) कोठे उभा आहे ते बघ" एवढे जरी शेरीडन यांनी सांगितले, तरी मिलरोचे निम्मे ओझे कमी होईल. अट एवढीच की संघाने स्नॅपच्या रेषेवर लवकर पोहोचले पाहिजे. २० सेकंद शिल्लक असताना पोहोचले, तर सांगायला पाचच सेकंद मिळतात.

नवखा_प्रेक्षक | १२ ऑगस्ट २०२४

आजच असोसिएटेड प्रेसची क्रमवारी आली आणि अलाबामा पाचव्या स्थानावर आहे. जुलैमध्ये पत्रकारांनी एसईसीत जॉर्जिया आणि टेक्सास यांच्यामागे तिसरा क्रमांक दिला होता. हा अंदाज तुम्हाला योग्य वाटतो का? यंदा प्लेऑफमध्ये १२ संघ असतील, त्यामुळे एक-दोन पराभवांनंतरही संधी राहील, असे मी समजतो.

कोथरूडकर_अटलांटा | १२ ऑगस्ट २०२४

बरोबर समजलात. आणि हाच आक्रमणाच्या दृष्टीने मोठा दिलासा आहे. चार संघांच्या प्लेऑफमध्ये सप्टेंबरात शिकत बसायला सवड नव्हती. आता पद्धत ऑक्टोबरपर्यंत मुरू देता येईल. मात्र व्हँडरबिल्ट सोडले तर बाहेरचे सामने सोपे नाहीत: विस्कॉन्सिन, टेनेसी, एलएसयू आणि ओक्लाहोमा.

टस्कलूसाकर | १३ ऑगस्ट २०२४

सर्वांच्या प्रतिसादांमुळे माझा मूळ प्रश्न अधिक नेमका झाला आहे. मी पद्धत आणि खेळाडू यांचा मेळ कसा बसेल, असे विचारले होते. आता मला वाटते की डीबोर आणि शेरीडन यांनी मिलरोला पेनिक्सचे संपूर्ण पुस्तक देऊ नये. सईताईंनी सांगितलेली स्नॅपपूर्वीची हालचाल ठेवावी, कारण तिने उत्तर सोपे होते. पण त्यानंतरचे वाचन पहिल्या दोन रिसीव्हरांपुरते मर्यादित करावे आणि दोघेही झाकलेले असतील, तर धावण्याची मुभा त्याला उघडपणे द्यावी. गेल्या वर्षी तो उशिरा आणि बिचकत धावायचा आणि पुष्कळसे सॅक त्या बिचकण्यात झाले. धावणे हा योजनेचाच भाग आहे हे त्याला ठाऊक असेल, तर निर्णय अर्धा सेकंद लवकर होईल आणि टॅकलवरचा ताण तेवढाच हलका होईल.

त्या मुलाबद्दलही दोन शब्द. टेक्सासविरुद्धच्या पराभवानंतर साउथ फ्लोरिडाविरुद्ध त्याला संपूर्ण सामना बाकावर बसवले. आक्रमण १७ गुणांवर अडकले, तरी तो इतरांना प्रोत्साहन देत उभा होता. पुढच्या आठवड्यात परत आला आणि संघ रोझ बोलपर्यंत एकही सामना हरला नाही. प्रशिक्षक बदलल्यावर बाहेर पडण्याची मुभा असतानाही तो थांबला. अशा खेळाडूसाठी पद्धतीने दोन पावले पुढे यावे, असे मला मनापासून वाटते. यंदा ७ सप्टेंबरला तोच साउथ फ्लोरिडा संघ टस्कलूसाला येतो आहे.

अण्णा_ह्यूस्टन | १३ ऑगस्ट २०२४

ही मांडणी मला पटण्यासारखी आहे. धावण्याची मुभा आधीपासून ठरलेली असेल, तर माझा बराचसा आक्षेप मिटतो. तरीही ३१ ऑगस्टच्या पहिल्या सामन्यात वेस्टर्न केंटकीविरुद्ध कितीही गुण झाले तरी मी त्यावरून काही ठरवणार नाही. १४ सप्टेंबरला मॅडिसनमध्ये विस्कॉन्सिनविरुद्ध तिसऱ्या डाऊनला पाच ते आठ यार्ड हवे असतील, तेव्हा चेंडू कोणाकडे आणि किती लवकर जातो, तेवढे मी पाहणार आहे.

शार्दूल_चाकण | १३ ऑगस्ट २०२४

भारतातून पाहणाऱ्यांसाठी: ३१ ऑगस्टचा सामना तेथे संध्याकाळी सहाला आहे, म्हणजे आपल्याकडे रविवारी, १ सप्टेंबरला पहाटे साडेचारला. विस्कॉन्सिनचा सामना तेथे सकाळी अकराला आहे, म्हणजे शनिवारी रात्री साडेनऊला. तो सगळ्यांना सोयीचा पडेल. अण्णा, त्या दिवशी तिसऱ्या डाऊनचा हिशोब मीही ठेवतो, सामना संपल्यावर याच धाग्यावर ताडून पाहू.

मैदानवेडी | १४ ऑगस्ट २०२४

त्या हिशोबात स्नॅपचाही एक रकाना ठेवा. ब्रेल्सफर्डचे किती स्नॅप मिलरोच्या छातीच्या उंचीवर येतात, ते मी मोजणार आहे.